हेडरेस्ट उलटा करण्याआधी

[दृश्य: मोपा विमानतळाबाहेर टॅक्सींची रांग. भर दुपार. कॅमेरा एकेका गाडीच्या काचेतून आत डोकावत पुढे सरकतो.]

गाडीचा रंग, नंबर, मॉडेल सगळं सोडा. फक्त ड्रायव्हरच्या डोक्यामागे काय आहे तेवढं बघा. या गाडीत हेडरेस्ट जागेवर आहे, पण त्यावर पांढरा टॉवेल आणि टॉवेलवर मानेची उशी. पुढच्या गाडीत तो उलटा बसवलाय, त्याचं पोट मागच्या प्रवाशाकडे. आणि त्याच्या पुढच्या गाडीत नुसती दोन भोकं. हेडरेस्ट कुठे, असं विचारलं की मालक डिकीकडे बोट दाखवतो. कारण सगळ्यांचं एकच. "मान दुखता मरे!"

कारण खोटं नाही. पेडण्याहून प्रवासी घेऊन काणकोणला जायचं आणि परत यायचं, म्हणजे एका दिवसात सबंध गोवा दोनदा ओलांडायचा. वाटेत मांडवी, वाटेत जुवारी, आणि पर्वरीची कोंडी तर ठरलेलीच. एवढा वेळ कुणीतरी मागून डोकं पुढे लोटत राहिलं तर संध्याकाळी मान आणि खांदे भरून येणारच. प्रश्न एवढाच, की लोटणारा खरंच हेडरेस्ट आहे का?

[दृश्य: हायवेवर थांबलेली गाडी, मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीचे हेडलाइट.]

आधी तो तिथे कशासाठी आहे ते बघू. नावात 'रेस्ट' असलं तरी त्याचं काम विश्रांतीचं नाही. समजा, तुम्ही कोंडीत थांबला आहात आणि मागून कुणीतरी धडकलं. सीट तुमच्या पाठीला पुढे फेकते. डोकं मात्र साडेचार-पाच किलोचं, ते जडत्वामुळे जागेवरच राहतं. म्हणजे खालून धड निघालं, वर डोकं मागे राहिलं आणि मधे सापडली मान. ती आधी इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते, मग डोकं मागे फेकलं जातं. हे सगळं पापणी लवायच्या आत. वेग फार असायला लागतो असंही नाही. बंपरला साधा पोचा आलेल्या अपघातातही माणसं महिना-महिना मान धरून फिरतात. डोकं मागे जायला जागाच राहू नये म्हणून मागे ती गादी. गाड्यांचे इंजिनियर तिला 'हेड रिस्ट्रेंट' म्हणजे डोकं अडवणारी गोष्ट म्हणतात ते त्यासाठीच.

मोटारीच्या हेडरेस्टच्या पेटंटचा अर्ज १९२१ सालचा, अमेरिकेत ओकलंडच्या बेंजामिन कॅट्झ यांच्या नावावर. अमेरिकेत नव्या मोटारींच्या पुढच्या सीटांना तो सक्तीचा व्हायला १ जानेवारी १९६९ उजाडला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला साब आणि व्होल्वो यांनी मागची धडक ध्यानात घेऊन खास सीटा काढल्या. आणि आपल्या मानदुखीची गोष्ट जिथे सुरू होते तो नियम अमेरिकेने जाहीर केला २००४ मध्ये. त्यात उंचीबरोबर अंतरही आलं. पुढच्या सीटवर डोक्याची मागची बाजू आणि हेडरेस्ट यांच्यामधली फट ५५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे आडवी धरलेली तीन बोटं. साहजिकच कंपन्यांनी हेडरेस्ट पुढे आणले. एकच गाडी अनेक देशांत विकायची तर सीटही बऱ्याचदा एकाच साच्यातून निघते.

आता गंमत बघा. ही फट मोजायला सीटवर जो पुतळा बसवतात तो सरासरी मापाच्या पुरुषाचा, आणि त्याची पाठ २५ अंश मागे रेललेली. आपल्याकडे ड्रायव्हर असा बसतो का? आपण ताठ बसतो. घाटात तर स्टिअरिंगला छाती टेकेल इतके पुढे. सीटची पाठ उभी केली की हेडरेस्टही तिच्याबरोबर पुढे झुकतो आणि तीन बोटांची फट खाऊन टाकतो. उंची कमी असेल तर त्याचा फुगवटा नको तिथे लागतो, म्हणून बायकांची तक्रार जास्त.

जुने टॅक्सीवाले यावर हसतात. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटच्या काळात कुठे होते हेडरेस्ट, आमची मान शाबूत आहे ना! असेलही. तेव्हा सीटबेल्टसुद्धा नव्हते, म्हणून आज कुणी ते कापून टाकत नाही.

[दृश्य: म्हापशातलं सीट कव्हर आणि कुशनचं दुकान. भिंतीला रेक्झिनचे रोल, जमिनीवर फोमचे तुकडे, कोपऱ्यात शिलाई मशीन.]

म्हापशाच्या या दुकानात एक गिऱ्हाईक आलंय. गाडी दोन वर्षांची. त्यांना हेडरेस्टमधला फोम कापून कमी करून हवाय. दुकानदार काका फोमला हात लावत नाहीत. आधी वरचं रेक्झिनचं कव्हर काढतात. त्याखाली निघतं कापडाचं दुसरं कव्हर, गाडी घेताना 'फ्री' मिळालेलं. ते काढल्यावर त्याखाली? कंपनीचं प्लास्टिक. दोन वर्षांत पिवळं पडलेलं, आतून घामाचे थेंब साचलेलं, आणि वरच्या कडेला खोबरेल तेलाचा तपकिरी डाग झिरपलेला. काका ते बोटाच्या चिमटीत धरून गिऱ्हाइकाला दाखवतात. "हे तरी काढायचं होतं हो बाब!"

तिन्ही थर आणि वरची मानेची उशी बाजूला ठेवली तेव्हा फट एकदम मोकळी झाली. फोमला कात्री लावावीच लागली नाही. तेलाच्या डागाची भीती असेल तर पातळ सुती कव्हर घाला, काढून धुता येईल असं. सरकारी गाड्यांतला जाडजूड टॉवेल साहेबांना शोभतो, पण तोही डोक्याला बोटभर पुढे आणतो. कव्हर निवडताना आणखी एक गोष्ट बघा. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल शिवलेलं असेल तर ती शिवण झाकणारं कव्हर चालत नाही. धडकेच्या वेळी एअरबॅग तिथूनच बाहेर येते.

[दृश्य: त्याच गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर एक जण बसलेला. दुकानदार काका बाहेर उभे राहून सूचना देतात.]

थर काढूनही डोकं पुढेच राहिलं तर? तर हेडरेस्ट तूर्त विसरा आणि कंबरेकडे या. बहुतेक माणसं सीटवर अर्धवट बसतात. ढुंगण पुढे सरकलेलं, कंबर आणि सीटची पाठ यांच्यामधे पोकळी. अशा बसण्यात पाठीला बाक येतो, हनुवटी पुढे जाते आणि हेडरेस्ट डोक्याला टोचायला लागतो. म्हणून आधी पार मागे सरकून बसा. मग सीटची पाठ एक-दोन खाचा मागे टाका. झोपायचं नाही, खुर्चीत निवांत टेकतो तेवढंच. आता हात स्टिअरिंगला पुरत नसतील तर सीट पुढे ओढा. स्टिअरिंग खालीवर किंवा पुढेमागे होत असेल तर तेही जुळवून घ्या. कंबरेच्या खळग्यात पातळ पंचाची गुंडाळी ठेवून बघा. कंबरेला आधार मिळाला की छाती उघडते, खांदे सीटपासून किंचित पुढे येतात आणि डोक्यामागे जागा होते. जाड उशी मात्र नको, ती माणसाला सीटवरून खाली घसरवते.

यानंतर पाळी उंचीची. इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. हेडरेस्ट त्रास देतो म्हणून तो खाली दाबतात. खाली गेला की फुगवटा येतो बरोबर मानेच्या घळीत, आणि तिथून तो डोकं जास्तच पुढे ढकलतो. तो वर घ्या. एका दांड्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबून खाच-खाच वर येतो. हेडरेस्टचा वरचा काठ टाळूच्या जितका जवळ तितकं बरं. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था सीटांना गुण देत असे. तिथे चांगल्या शेऱ्यासाठी वरचा काठ टाळूपासून ६ सेंटिमीटरपेक्षा खाली नको आणि फट ७ सेंटिमीटरच्या आत हवी असे. म्हणजे तीन बोटं उत्तम, चार बोटंही चालतील, वीत चालणार नाही.

काही गाड्यांत हेडरेस्ट पुढे-मागेही झुकतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. तो हाताने पुढे ओढला की टक, टक, टक असा टप्प्याटप्प्याने येतो. मागे ढकलायला जावं तर हलत नाही, म्हणून माणूस सोडून देतो. त्याला शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढे ओढा, मग तो सुटतो आणि सगळा मागे जातो. तुमच्या गाडीत ही सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये मिळेल. हो, तेच पुस्तक, ग्लोव्ह बॉक्समध्ये पिशवीतून अजून बाहेर न आलेलं.

[दृश्य: साखळीहून म्हार्दोळला निघालेली गाडी. पुढच्या सीटवर बसलेल्या बाईंच्या अंबाड्यावर अबोलीची वळेसर, म्हणजे गजरा.]

आता एक अडचण, जी पुतळ्यावर मोजणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसेल. अंबाडा. देवळाला जाताना अंबाडा आला, त्यावर अबोली आली. सीटवर टेकलं की फुलं चुरगळणार, म्हणून बाई तासभर मान पुढे काढून बसतात आणि उतरताना कपाळ धरतात. हेडरेस्टला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला तिथे डोकं हवं आहे, केसांचा डोंगर नको. गाडीत असेपर्यंत अंबाडा वर टाळूकडे किंवा खाली मानेलगत घाला आणि वळेसर उतरल्यावर माळा. प्लास्टिकचा मोठा क्लचर मात्र काढून पर्समध्ये टाकाच. मागून धडक बसली तर तो डोक्यात घुसू शकतो.

हे सगळं करूनही काहींचं जमत नाही. मग सुचतात ते उद्योग. हेडरेस्ट उलटा बसवणं तर सर्रास. त्याने फट एवढी वाढते की डोकं अडेपर्यंत मानेचं व्हायचं ते होऊन जातं. शिवाय पुढचा भाग ज्या मऊपणाने डोकं झेलायला केलेला असतो तसा मागचा नसतो. दुसरा उद्योग म्हणजे दांडे शिकंज्यात धरून वाकवणं. जमतं ते, म्हणून तर करतात. पण वाकवलेला दांडा खाचेत नीट अडकेल आणि धडकेत टिकेल याची हमी लेथवाला देत नाही. फोम कापू नका, त्याच्या आत लोखंडी सांगाडा आहे. सीटच्या पाठीच्या वरच्या भागात, खांद्यांच्या मागे, फोमचा पातळ थर बसवून मिळतो. त्याने खांदे पुढे येतात आणि हेडरेस्ट आहे तिथेच राहतो. म्हापशाचे काका हेच सुचवतात, आणि मलाही हे पटतं. फक्त चार बोटांच्या पलीकडे फट जाऊ देऊ नका.

मानेच्या उशीबद्दल भांडण नको. टॅक्सीतळावर नंबर लागेपर्यंत डुलकी काढायची तर सीट मागे पाडा आणि खुशाल उशी घ्या. प्रवासी आला की ती बाजूच्या सीटवर टाका.

गोव्याचा पावसाळा वेगळा छळतो. जूनपासून फोम दमट राहतो, कापडी कव्हरला बुरशीचा वास येतो आणि समुद्राकाठच्या गाड्यांचे दांडे गंजून खाचेत अडकतात. उघडीप मिळाली की हेडरेस्ट काढून सावलीत वाऱ्यावर ठेवा, दांडे पुसा, कव्हर धुवा आणि त्याच दिवशी परत बसवा. अनेकांचा कायमचा डिकीत जातो तो असाच, "उद्या बसवू" म्हणून.

मागच्या सीटचे हेडरेस्ट आरशात दिसायला आड येतात म्हणून खाली दाबलेले असतात. मागे कुणी बसलं की ते वर ओढा, आजीला ते बटण सापडणार नाही. आणि मानदुखी गाडीतून उतरल्यावरही राहत असेल, हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, तर कुशनवाल्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

नवी गाडी घ्यायला निघाला असाल तर शोरूमभोवती पाच मिनिटांची फेरी मारून परत येऊ नका. सेल्समनला आधी सीटवरचं प्लास्टिक काढायला लावा. नेहमीची चप्पल, नेहमीचा चष्मा, नेहमीची वेणी घालून बसा आणि अर्धा तास चालवा. घरात जी व्यक्ती सगळ्यात बुटकी, तिलाही चालवू द्या.