मिरर ड्रिल पाहताना नजर कुठे ठेवावी?

नमस्कार. फेब्रुवारी सरता सरता इंडियानापोलिसमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचे कम्बाइन, म्हणजे नव्या खेळाडूंच्या चाचण्यांचे शिबिर, भरले की प्रेक्षकांकडून एकच प्रश्न वारंवार येतो. एकशेचाळीस किलोचा ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेतला अडवणारा खेळाडू, चाळीस यार्ड किती सेकंदांत धावला, यावरून तो पुढे चांगला खेळेल की नाही हे कसे ओळखायचे? माझे उत्तर असे की, त्यावरून ते ओळखता येत नाही. पण मग पाहायचे तरी काय, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर अर्धेच राहते, म्हणून आजचा संपूर्ण व्हिडिओ त्यासाठी, म्हणजे मिरर ड्रिल या सरावासाठी, ठेवला आहे.

प्राथमिक गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत, त्या भराभर सांगतो. एप्रिलमधील ड्राफ्टपूर्वी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेपूर्वी, महाविद्यालयीन खेळाडूंची उंची, वजन, हातांची लांबी मोजली जाते. त्यानंतर चाळीस यार्डांची धाव, जागेवरून उंच आणि लांब उडी, वीस यार्डांची शटल व थ्री-कोन या दिशा बदलत धावण्याच्या चाचण्या आणि २२५ पौंडांची, म्हणजे सुमारे १०२ किलोंची, बेंच प्रेस होते. सामन्यात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हातून चेंडू साधारण अडीच ते तीन सेकंदांत सुटतो आणि तेवढ्या वेळात टॅकल, म्हणजे रांगेच्या टोकाचा लाइनमन, जेमतेम काही पावले मागे सरकलेला असतो. त्यामुळे चाळीस यार्डांच्या एकूण वेळेपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ लिहून ठेवावी, कारण पुल करणाऱ्या, म्हणजे आपली जागा सोडून बाजूला अडवायला धावणाऱ्या, गार्डला किंवा स्क्रीन पासवर, म्हणजे अडवणाऱ्यांच्या आडून दिलेल्या छोट्या पासवर, बाहेर पडणाऱ्या सेंटरला (हे दोघे रांगेतले आतले लाइनमन) खरोखर धावावे लागते ते तेवढेच अंतर.

आता मूळ मुद्दा. घड्याळ न लावता घेतल्या जाणाऱ्या सरावांपैकी मिरर ड्रिल मला सर्वांत मोलाचे वाटते आणि प्रेक्षक नेमके तेच पुढे सरकवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात. एक जण डावी-उजवीकडे मनाला येईल तसा सरकतो, दिशा बदलतो, हुलकावणी देतो, आणि दुसऱ्याने आरशातल्या प्रतिबिंबासारखे त्याच्यासमोर राहायचे असते. बहुतेक जण पाहतात की दुसरा मागे पडला का. मी पाहतो की त्याचा पवित्रा मोडला का.

पवित्रा मोडणे म्हणजे काय, हे प्रथम कमरेच्या बाजूने पाहू. चांगला लाइनमन खुर्चीत बसावे तसा गुडघ्यांतून आणि खुब्यांतून खाली बसतो, त्याची पाठ सरळ आणि छाती उघडी राहते. कच्चा लाइनमन उंची कमी करण्यासाठी कमरेतून पुढे वाकतो. लांबून दोघेही सारखेच खाली गेलेले दिसतात, पण दुसऱ्याचे डोके त्याच्या पायांच्या बोटांपुढे गेलेले असते. सामन्यात समोरच्या डिफेन्सिव्ह एंडने, म्हणजे रांगेच्या टोकावरच्या बचावपटूने, त्याचे खांदे धरून एकदा खाली ओढले की तो तोंडावर पडतो.

हीच गोष्ट पायांच्या बाजूने पाहा. बाजूला सरकताना दोन पावलांमधले अंतर जवळजवळ कायम राहिले पाहिजे. घाई झाली की मागचे पाऊल पुढच्याला येऊन चिकटते, टाच टाचेला लागते, आणि त्या क्षणी एकशेचाळीस किलोंचा माणूस एका खांबावर उभा असल्यासारखा होतो. तेवढ्यात कोणी सरळ छातीवर चालून आले, तर तो मागे ढकलला जाऊन स्वतःच्याच क्वार्टरबॅकच्या अंगावर जातो.

हे मी कानांनी ऐकले होते, पण डोळ्यांनी पटले ते घरी. माझा मुलगा इथे ओहायोत हायस्कूलच्या संघात लेफ्ट टॅकल खेळतो. त्याचे प्रशिक्षक टाचांबद्दल त्याला सतत टोकत होते आणि मी दोन आठवडे समोर उभा राहून त्याचे चित्रीकरण करूनही मला काही दिसत नव्हते. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी परसातल्या दवाने भिजलेल्या गवतावर आम्ही दोन कोन ठेवून हा सराव केला. तो बाजूला झाला तेव्हा दव पुसल्याच्या काळसर रेघा गवतावर उमटल्या होत्या. उजवीकडे दोन स्वतंत्र ठसे स्पष्ट होते, डाव्या टोकाला मात्र दोन्ही पावलांचा मिळून एकच डाग झाला होता. दिशा बदलण्याआधी प्रत्येक वेळी त्याचे पाय तिथे जुळत होते.

म्हणूनच तिसरी बाजू दिशाबदलाची. पाय थांबले तरी धड पुढे वाहत गेले, तर पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी त्याला आधी स्वतःला सावरावे लागते आणि बाहेरून आत वळणारा पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू, त्याच अर्ध्या क्षणाची वाट पाहत असतो. सुरुवातीचे दोन-तीन बदल बहुतेकांना जमतात. दम लागल्यावरचे शेवटचे दोन बदल पाहा, कारण सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये दिसणारे पाय तेच असतात.

"मग आकडे निरर्थक आहेत का?" असे एका प्रेक्षकाने विचारले आहे. तसे मी म्हणत नाही. ट्रिस्टन वर्फ्स या टॅकलने २०२० च्या कम्बाइनमध्ये ३६.५ इंचांची उंच उडी मारली. त्या उडीतला खुब्यांचा जोर मैदानावरही तसाच दिसला आणि पहिल्याच हंगामात तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या टॅम्पा बे संघाचा राइट टॅकल होता. २०१३ मध्ये टेरॉन आर्मस्टेड या टॅकलने चाळीस यार्ड ४.७१ सेकंदांत कापले. तो आर्कान्सॉ-पाइन ब्लफसारख्या लहान महाविद्यालयाचा खेळाडू होता आणि अशा खेळाडूला मोठ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर पाहण्याची संधी कमी असल्याने त्याच्या बाबतीत आकड्यांना जास्त वजन येते. हातांच्या लांबीबद्दलही अनेकांनी लिहिले आहे. टॅकलचे हात ३४ इंच हवेत, असा एक रूढ निकष आहे, पण विल कॅम्पबेलचे हात २०२५ च्या कम्बाइनमध्ये ३३ इंचांहूनही कमी भरले, तरी न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले.

उलट उदाहरण ऑर्लँडो ब्राउनचे. ओक्लाहोमाच्या या टॅकलने २०१८ मध्ये चाळीस यार्डांना ५.८५ सेकंद घेतले, बेंच प्रेस १४ वेळा केली आणि उंच उडी १९.५ इंचांची मारली. तो घसरत तिसऱ्या फेरीत, ८३व्या क्रमांकावर बाल्टिमोरकडे गेला. आकडे खोटे नव्हते, तो खरोखरच चपळ नव्हता. मात्र ३५ इंचांचे हात आणि अवाढव्य देह यांमुळे त्याला वळसा घालून जाणे हे पास रशरसाठी लांबचे काम होते, आणि ही गोष्ट त्याच्या महाविद्यालयीन सामन्यांत आधीच दिसत होती. पुढे २०१९ ते २०२२ असे सलग चार हंगाम त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, निवड झाली. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये तो कॅन्सस सिटीचा लेफ्ट टॅकल होता. समोर नियमित हंगामात ७० सॅक केलेला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला ७० वेळा पाडलेला, फिलाडेल्फियाचा संघ उभा होता आणि त्या संपूर्ण सामन्यात कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स एकदाही सॅक झाला नाही.

यंदा चित्रफीत पाहताना ती निम्म्या वेगाने लावा आणि प्रत्येक खेळाडू तीनदा पाहा: एकदा फक्त कंबर, एकदा फक्त टाचा आणि एकदा फक्त शेवटचे दोन दिशाबदल. त्यानंतर त्याच खेळाडूचा एखादा पूर्ण सामना काढून त्याच तीन गोष्टी तिथे शोधा आणि काय आढळले ते मला खेळाडूच्या नावासह लिहून कळवा.