खातं गोठतं त्याच्या आधी

मंडळी, अमेरिकेत दवाखान्याचं बिल थकलं आणि एके दिवशी कार्ड चालेना, बँकेत फोन केल्यावर खातं गोठवल्याचं कळलं, असं सांगणारी माणसं बहुतेक वेळा "अचानक झालं" असं म्हणतात. माझं आज सगळं बोलणं या एका शब्दाभोवती आहे. नेहमीच्या वसुलीत खाजगी सावकाराला, मग ते रुग्णालय असो वा वसुली कंपनी, थेट बँकेत जाऊन पैसे उचलता येत नाहीत. आधी दावा, मग समन्स, मग न्यायालयाचा हुकूमनामा आणि तो हातात आल्यावर बँकेला जप्तीचा आदेश. म्हणजे आधी बरंच काही घडून गेलेलं असतं.

मग ते कळत कसं नाही? माणूस आजारातून नुकता उठलेला असतो. विमा कंपनीची पत्रं, रुग्णालयाची बिलं, भूलतज्ज्ञाचं वेगळं बिल, प्रयोगशाळेचं आणखी वेगळं. त्या गठ्ठ्यात समन्सही पडून राहतं. कधी ते जुन्या पत्त्यावर जातं. उत्तर द्यायची मुदत प्रत्येक राज्यात वेगळी असते, पण ती महिन्यांत नाही, दिवसांत मोजतात. ती उलटली की न्यायाधीश एकतर्फी हुकूमनामा देऊ शकतात. बिल बरोबर होतं का, विम्याने भरायचं होतं का, हे कुणी तपासतच नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. चुकीच्या बिलावरही जप्ती येऊ शकते, केवळ समोरून कुणी बोललं नाही म्हणून.

आता कायद्यातली एक विचित्र फट पाहा. १९६८च्या संघीय कायद्याने पगारावरच्या जप्तीला मर्यादा घातली. साधारण कर्जासाठी, कर वगैरे वजा जाऊन उरलेल्या पगाराच्या जास्तीत जास्त २५ टक्के. टेक्सासमध्ये तर अशा कर्जासाठी पगाराला हातच लावता येत नाही. पण तोच पगार बँकेत जमा झाला की ते संरक्षण संपतं आणि खात्यावर जप्ती आणता येते. मालकाच्या हातात होता तोवर सुरक्षित असलेला पैसा, आपल्या हातात येताच उघडा पडतो! या अन्यायाची मला अजूनही सवय झालेली नाही. काही राज्यांनी थोडी दुरुस्ती केली आहे. कॅलिफोर्नियात ठरावीक रक्कम खातेदाराने अर्ज न करताही खात्यात सोडावी लागते. न्यूयॉर्कने २०२२मध्ये वैद्यकीय कर्जासाठी रुग्णाचा पगार आणि राहतं घर दोन्ही वाचवले.

वडीलधाऱ्यांच्या सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचं, वेगळं आहे. ती रक्कम थेट खात्यात जमा होत असेल, तर मागच्या दोन महिन्यांत जमा झालेल्या रकमेइतकी शिल्लक बँकेनेच स्वतःहून वाचवायची असते. पण तीच रक्कम धनादेशाने येत असेल आणि आजी स्वतः भरत असेल, तर सूट मागण्यासाठी अर्ज करावा लागतो. आईच्या सोयीसाठी मुलीचं नाव खात्यावर घातलेलं असेल, तर मुलीच्या थकबाकीपायी आईचं खातंही अडकू शकतं. हा पैसा कुणाचा, हे मग आईला कागदोपत्री सिद्ध करत बसावं लागतं.

वसुलीवाल्याची पहिली रीतसर सूचना आली की ३० दिवसांत लेखी हरकत घ्या. १९७७च्या वसुलीविषयक कायद्याप्रमाणे, पडताळणी पाठवेपर्यंत त्याला वसुली थांबवावी लागते. फोनवर केलेली तक्रार त्यासाठी पुरत नाही. समन्स आलं असेल तर मात्र या हरकतीवर विसंबू नका, न्यायालयात वेगळं उत्तर द्या.

आणि रुग्णालय ना-नफा तत्त्वावरचं असेल, तर आर्थिक साहाय्याचा अर्ज मागाच. करसवलत टिकवायची तर त्यांना असं धोरण ठेवावंच लागतं. घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून किमान १२० दिवस दावा लावता येत नाही, आणि २४० दिवसांपर्यंत आलेला अर्ज घ्यावाच लागतो. त्या मुदतीत आलेल्या अर्जावर तुम्ही पात्र ठरलात, तर आधीच मिळवलेला हुकूमनामा रद्द करून घेण्याची आणि खात्यावरची जप्ती उठवण्याची खटपट रुग्णालयानेच करायची असते.