टुक टुक कोण करतंय?

नमस्कार मैत्रिणींनो. आज आपल्या बायकाबायकांच्या पक्षी बघायच्या फेऱ्यांबद्दल बोलायचंय, आणि पहिली गोष्ट, दुर्बीण नसली तरी चालेल पण कान घेऊन या. परत सांगते, कान घेऊन या.

आमच्या ग्रुपात परळच्या एक काकू आहेत. पहिल्यांदा आल्या त्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, फेब्रुवारी, सकाळचे सात, आणि गेटातून आत शिरलो नाही तोच थांबल्या. "अगं, इथेपण पंपाचं काम काढलंय का?" कसलं काम काकू? "ते काय, टुक टुक टुक! आमच्या बिल्डिंगमागे रोज चालू असतं, मी वॉचमनला दोनदा झापलंय, दुपारी जरा पडू देत नाहीत म्हणून." वर बघितलं तर सावरीच्या बोडक्या शेंड्यावर चिमणीएवढा गुबगुबीत हिरवा पक्षी, कपाळ लाल, गळ्याशी लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं. तांबट! तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज म्हणून तांबट. आणि गंमत बघा, ओरडताना चोच मिटलेली, नुसता गळा फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. काकूंनी दुर्बीण लावली ती खाली ठेवेचनात, मागे आमची लाईन. "इतकी वर्षं ऐकतेय गं ह्याला," एवढंच म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी मागच्या पिंपळावर त्याचं बीळ शोधून काढलं, वाळक्या फांदीत, खालच्या अंगाला गोल भोक. आणि नेमकी तीच फांदी छाटायचं सोसायटीत ठरलेलं! काकू मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या, पिल्लं उडेपर्यंत कोणी कोयता लावायचा नाही, आणि नाहीच लावला. माझं तर म्हणणंच आहे, डोक्यावर पडायची भीती नसेल तिथे वाळकी फांदी राहू द्यावी, झाड म्हणजे काय शोकेस नाही सारखं पुसून ठेवायला, आणि त्या पिंपळाखाली लाद्या बसवून पार्किंग करतात ना, तेही बंद करा.

असो. एकटी बाई वर बघत उभी राहिली की चार जण येऊन विचारतात काय झालं, आठजणी असलो की निवांत बघता येतं, म्हणून ग्रुपने जा. जिथे जाणार तिथे टॉयलेट आहे का ते आधी विचारा, लाजू नका. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका, त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला, बिचारा अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर शिवडी नाहीतर ऐरोली. ठाण्याची खाडी 2015 पासून त्यांचं अभयारण्य आहे, 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतपण गेली. त्यांच्यातली छोटी जात, धाकटा रोहित, जास्त गुलाबी, तो रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो. पण भरतीची वेळ बघून निघा हां, ओहोटीला ते लांब चिखलात पांगतात, पाणी चढायला लागलं की काठाजवळ सरकतात. भरतीची वेळ, मैत्रिणींनो, आदल्या रात्रीच बघून ठेवा.