रिगाच्या आजींकडच्या चाव्या

नमस्कार मंडळी, आज जरा लांबच्या एका देशाबद्दल बोलायचंय, लाट्विया. बाल्टिक समुद्राच्या काठावर, वर एस्टोनिया आणि खाली लिथुआनिया. माझी भाची तिथं राजधानीत, रिगामध्ये इंजिनिअरिंग करतेय, आपल्याकडची बरीच मुलं जातात आता तिकडं, तर मी तिच्याकडे पंधरा दिवस राहून आले आणि तेव्हापासून त्या देशाचे आकडे माझ्या डोक्यातून जातच नाहीयेत.

बघा, 1935 च्या जनगणनेत लाट्वियात साधारण 19 लाख माणसं होती. 2021 ची जनगणना झाली, आकडा आला 18 लाख 93 हजार. वाटतं की देश होता तिथंच आहे. पण मधे 1989 मध्ये हाच आकडा 26 लाख 66 हजार होता! तिथून बत्तीस वर्षांत पावणेआठ लाख माणसं कमी झाली. एकट्या रिगात तेव्हा 9 लाखांच्या वर लोक होते, आता 6 लाखांच्या आसपास उरलेत, आणि तरीही देशातला दर तिसरा माणूस रिगातच राहतो.

आणि 1935 चे ते 19 लाख आणि आजचे हे, यांची सरमिसळच वेगळी आहे. तेव्हा रिगात लाट्वियन होते, जर्मन होते, ज्यू होते, रशियन होते, दुकानाच्या पाट्याच तीन-तीन भाषांत. 1939-40 मध्ये जर्मनांना हिटलरनं बोलावून घेतलं, पन्नासएक हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून जहाजात बसली. 1941 मध्ये नाझी आले, देशातल्या सुमारे 70 हजार ज्यूंना मारलं. रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात तर फक्त दोन दिवसांत, 30 नोव्हेंबर आणि 8 डिसेंबर, सुमारे 25 हजार. मग सोव्हिएत राजवट, मार्च 1949 मध्ये 42 हजार जणांना मालगाड्यांत भरून सायबेरियाला धाडलं, त्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरंही होती.

एकीकडे ही घरं रिकामी होत होती आणि दुसरीकडे कारखान्यांसाठी रशिया, बेलारूस, युक्रेनमधून माणसं येत होती. आपण रेडिओवर बोलतोय म्हणून सांगते, रिगात व्हेफ नावाचा मोठा कारखाना होता, तिथला स्पिडोला ट्रान्झिस्टर अख्ख्या सोव्हिएत युनियनमध्ये घरोघरी असायचा. भाचीची घरमालकीण, सगळे तिला आजीच म्हणतात, ती तरुणपणी बेलारूसहून त्याच कारखान्यात कामाला आली आणि तिथलीच झाली.

तर अशी माणसं येत गेली आणि 1989 पर्यंत स्वतःच्याच देशात लाट्वियन लोक जेमतेम 52 टक्के राहिले. भाषा टिकणार की नाही ही त्यांची धास्ती मला समजते, मनापासून समजते. म्हणून 1991 मध्ये स्वातंत्र्य परत मिळाल्यावर त्यांनी ठरवलं, 1940 मध्ये सोव्हिएतांनी देश पहिल्यांदा ताब्यात घेतला, त्याच्या आधी जे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज आपोआप नागरिक, बाकीच्यांनी पुढे भाषेची न्‌ इतिहासाची परीक्षा द्यायची. सात लाखांच्या वर माणसं अशी मधेच लटकली. आजींनी ती परीक्षा दिलीच नाही. त्यांनी मला आपला जांभळा पासपोर्ट दाखवला, त्यावर लिहिलंय ‘अ-नागरिक’. पेन्शन मिळते, घर आहे, पण मत देता येत नाही, अगदी रिगाच्या महापालिकेलासुद्धा नाही. जिथं पन्नास वर्षं राबलो तिथं मत नाही, हे काही मला पटलं नाही. 2020 पासून जन्मणाऱ्या अशा अ-नागरिकांच्या मुलांना तरी थेट नागरिकत्व मिळतं, हे चांगलं झालं.

आणि 2004 मध्ये देश युरोपियन युनियनमध्ये गेला, दारं उघडली, 2008 च्या मंदीत पगार कापले गेले, नोकऱ्या गेल्या, की निघाली तरुण पोरं आयर्लंड, इंग्लंडला. लाट्वियनही गेले आणि रशियन बोलणारेही. गावाकडच्या शाळा मुलांअभावी बंद पडल्या. 1987 मध्ये वर्षाला 42 हजार बाळं जन्मली होती, 2023 मध्ये साडेचौदा हजारांच्या आसपास, आणि त्याच वर्षी मृत्यू 28 हजार. वर पुरुष बायकांपेक्षा जवळपास दहा वर्षं आधी जातात, त्यामुळे बाजारात, ट्राममध्ये, जिकडे बघाल तिकडे एकट्या म्हाताऱ्या बायका.

आजींच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी एक खिळा आहे, त्यावर पाच चाव्या लटकवलेल्या. मी विचारलं, भाचीनं भाषांतर करून सांगितलं. त्याच जिन्यातले पाच फ्लॅट, माणसं सगळी परदेशी, एक त्यांच्या स्वतःच्या मुलाचा, तो डब्लिनला असतो. दर शनिवारी आजी एकेक कुलूप उघडतात, खिडक्या थोडा वेळ उघड्या ठेवतात, कुंड्यांना पाणी घालतात, टपाल उचलून टेबलावर ठेवतात. त्या शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले, पाण्याची झारी माझ्या हातात होती. मुलाच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर नातवाची उंची पेन्सिलीनं मार्क केलेली, शेवटची रेघ माझ्या कमरेइतकी. नातू आता एकोणीस वर्षांचा आहे, म्हणाल्या.