धुराचं वजन

[पहाटेचं पांडेसरा. चिमण्यांची रांग. फक्त यंत्रांचा आवाज.]

सुरत. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अजून उजाडलेलं नाही, पण बॉयलर पेटलेले आहेत. सणासुदीच्या हंगामात तर ते विझतच नाहीत.

कापडाला रंग चढवायचा तर वाफ लागते. छपाई झालेलं कापड ताणून सुकवायचं तर उष्णता लागते. ही वाफ आणि उष्णता येते कोळशातून, लिग्नाइटमधून, काही ठिकाणी लाकडातून. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमागे बॉयलर, बऱ्याच ठिकाणी जोडीला थर्मोपॅक, म्हणजे तेल तापवून उष्णता देणारी भट्टी, आणि त्यांच्या डोक्यावर ही चिमणी. याच धुराचं वजन करून त्याचा बाजार कसा भरला, त्याची ही गोष्ट.

[बॅग फिल्टरचं दार उघडतं. राखेनं काळ्या पडलेल्या पिशव्या.]

हा बॅग फिल्टर. चिमणीकडे जाणारा धूर आधी या पिशव्यांमधून जातो आणि राखेचे बारीक कण पिशवीला चिकटून राहतात. धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारा सायक्लोन, पाण्यानं धूर धुणारा स्क्रबर, बॅग फिल्टर यांपैकी काही ना काही इथल्या कारखान्यांत आधीपासूनच बसवलेलं होतं. परवानगीची अटच होती तशी. पण पिशवी फाटते, ती बदलावी लागते. पंख्याला वीज लागते. साचलेली राख कुणीतरी वेळच्या वेळी काढावी लागते. यंत्र बसवलंय का, एवढंच ही अट विचारायची. रात्री दोन वाजता ते चालू असतं का, हे विचारायची सोय त्या अटीत नव्हती.

[चिमणीच्या लोखंडी शिडीवर चढणारा माणूस. खालून घेतलेलं दृश्य.]

धुरासाठी नियमाचा आकडा एकच होता. एक घनमीटर धुरात कणांचं प्रमाण १५० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. तपासणीच्या दिवशी कुणीतरी असं वर चढायचं, नमुना घ्यायचं, अहवाल लिहायचं. या आकड्यावरून धूर किती दाट आहे ते कळतं. चिमणीनं महिनाभरात एकूण किती किलो कण हवेत सोडले, ते कळत नाही. आठ तास चालणारी चिमणी आणि चोवीस तास चालणारी चिमणी, दोन्ही या नियमाला सारख्याच.

अहवालांचंही तसंच. गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात अर्थतज्ज्ञांनी प्रदूषणाच्या लेखापरीक्षणाचा अभ्यास केला. परीक्षकाला नेमायचा कारखान्यानं, पैसेही द्यायचे कारखान्यानंच. अशा परीक्षकांच्या कागदांवर फक्त ७ टक्के कारखाने कणांची मर्यादा ओलांडत होते. त्याच चिमण्या दुसऱ्यांकडून पुन्हा मोजून घेतल्या, तेव्हा खरा आकडा निघाला ५९ टक्के.

आणि मर्यादा ओलांडणारा सापडलाच तर? १९८१ च्या हवा कायद्याखाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हाती होतं कारखाना बंद करणं, वीज-पाणी तोडणं किंवा फौजदारी खटला. थोडं चुकलेल्यालाही तेच, भरमसाट धूर ओकणाऱ्यालाही तेच. दंडुका इतका जड की तो उचलायचाच कुणी नाही.

[चिमणीच्या मध्यावर बसवलेलं उपकरण. वायरी. खाली नियंत्रण खोलीतला पडदा, बदलत जाणारे आकडे.]

आता हे नीट बघा. चिमणीच्या पोटात डोकावणारं हे छोटं यंत्र. याला म्हणतात सतत उत्सर्जन मापन यंत्रणा. आतून जाणाऱ्या धुरातले कण ते अखंड मोजत राहतं आणि आकडे इंटरनेटवरून थेट गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात.

ऐकायला सोपं वाटतं. पण गरम, ओल्या, राखेनं भरलेल्या धुरात मीटर खरं बोलत राहावा, यात वर्षं गेली. भिंगावर काजळी धरते. कोळसा बदलला की कणांचा पोत बदलतो. म्हणून आधी प्रयोगशाळेच्या लोकांनी चिमणीत नळी घालून नमुना घ्यायचा, कागदी गाळणीवर साठलेल्या कणांचं वजन करायचं आणि त्या वजनाशी मीटर जुळवून घ्यायचा. हे काम वेळोवेळी पुन्हा करायचं. आणि मीटर बंद पडला, किंवा पाडला, तर? त्या वेळेचा आकडा कोरा राहत नाही, कारखान्याला महाग पडेल इतका चढा धरला जातो. मीटर चालू ठेवणं मालकाच्याच फायद्याचं व्हावं, अशी ही रचना आहे. या सगळ्या योजनेतलं सर्वांत शहाणपणाचं कलम मला हेच वाटतं.

[जुनी कागदपत्रं. नकाशा: गुजरात, महाराष्ट्र, तमिळनाडू.]

एकूण धुराला कोटा ठरवायचा आणि धूर सोडायच्या परवान्यांची कारखान्यांनी खरेदी-विक्री करायची, ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेनं १९९० मध्ये कायदा दुरुस्त करून कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडसाठी अशी खरेदी-विक्री आखली आणि १९९५ पासून ती चालू झाली. भारतात २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं तीन राज्यांची नावं पुढे केली: गुजरात, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र. प्रत्यक्षात पहिला बाजार भरला तो सुरतेत, सप्टेंबर २०१९ मध्ये. धुरातल्या कणांसाठीचा जगातला पहिला म्हणून तो ओळखला जातो.

[चिमण्यांची रांग आकाशातून. एकेका चिमणीवर रंगीत ठिपके.]

सुरत परिसरातल्या ३१७ कारखान्यांच्या चिमण्यांवर मीटर बसले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली. १६२ कारखाने बाजारात आणि १५५ जुन्याच नियमाखाली. मीटर दोन्हीकडे होते, त्यामुळे तुलना खरीखुरी होणार होती.

बाजारातल्या सगळ्यांचा मिळून महिन्याचा एक कोटा ठरला. सुरुवातीला २८० टन, पुढे उतरवत १७० टनांपर्यंत. एक किलो कण सोडायचे तर एक परवाना हवा. ८० टक्के परवाने बॉयलरच्या क्षमतेच्या प्रमाणात फुकट वाटले, उरलेले २० टक्के लिलावात काढले. पुढची खरेदी-विक्री कारखान्यांनी आपापसात करायची. भाव किलोला किमान ५ रुपये, कमाल १०० रुपये.

[लिलावाचा पडदा. मिलच्या ऑफिसात संगणकासमोर बसलेला तरुण. शेजारी कापडाच्या नमुन्यांची थप्पी.]

कापडाच्या भावाची घासाघीस या शहराच्या रक्तात आहे. आता तीच नजर धुरावर आली. समजा, एका मिलकडे जागा आहे, नवा फिल्टर आहे, तिला शंभर किलो धूळ स्वस्तात अडवता येते. शेजारची मिल जुन्या अरुंद शेडमध्ये आहे, तिला तेवढ्याच धुळीसाठी चौपट खर्च येतो. जुना नियम दोघींना एकच फूटपट्टी लावायचा. इथे पहिली मिल जास्त धूळ अडवते आणि वाचलेले परवाने दुसरीला विकते. कोटा जागच्या जागी राहतो, हवेत जाणारे एकूण किलो ठरलेलेच राहतात.

मुदत संपली की हिशेब. परवाने कमी पडले तर बाजारातून घ्या. तरीही तुटले, तर आधीच भरून ठेवलेल्या अनामत रकमेतून दंड वळता होतो, कमाल भावाच्या दुप्पट, म्हणजे किलोला २०० रुपये. त्यासाठी वीज तोडायला नको, की कोर्टाची तारीख नको. जितके किलो चुकले, तितकेच पैसे.

[बॉयलर अटेंडंट फिल्टरची फाटकी पिशवी काढतो, नवी चढवतो. पूर्ण दृश्य, निवेदन नाही. २० सेकंद.]

मधे कोविडमुळे खंड पडला. पण निकाल हाती आला. बाजारातल्या कारखान्यांची धूळ जुन्या नियमाखालच्या कारखान्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटली. सोडलेल्या धुळीपैकी ९९ टक्के धुळीचे परवाने त्यांच्याकडे होते. आणि धुळीची पातळी तीच धरली, तर ती आवरण्याचा खर्च ११ टक्क्यांनी उतरला.

[उधना-लिंबायतच्या गल्ल्या. गच्चीवर वाळत घातलेले कपडे. शाळेला निघालेली मुलं.]

खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं याच भागात राहतात. बाजार शहरातल्या धुळीचं एकूण वजन उतरवतो. कुठल्या गल्लीवरची धूळ किती उतरली, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. त्यासाठी वस्तीतली हवा वेगळी मोजावी लागते.

[पुन्हा चिमणी. संध्याकाळ.]

सुरतेनंतर हाच बाजार अहमदाबादेत भरला.

[तंत्रज्ञ शिडीवर. मीटरच्या भिंगावरची काजळी फडक्यानं पुसतो. खालच्या पडद्यावरचा आकडा हलतो.]