नाणेघाट, कानांनी

नमस्कार, श्रोतेहो.

नाणेघाट, म्हणजे जुन्नरजवळची कोकणात उतरणारी जुनी घाटवाट, चढून आलेले लोक आधी काय करतात, सांगू? दगडी रांजणापाशी फोटो काढतात, नानाचा अंगठा नावाच्या कड्यावर जाऊन कोकण बघतात आणि डबा उघडतात. घाटातल्या लेण्यात डोकावून दोन मिनिटांत बाहेर! त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आत मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता राहिलीत ती पावलं. वर ब्राह्मीत कोरलेली नावं मात्र आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजे राणी नागनिका, सिरी सातकनी म्हणजे तिचा नवरा राजा सातकर्णी. रील काढणाऱ्याच्या हाताला इथं काही लागत नाही.

म्हणून आम्ही चार मित्रांनी या लेण्याचा पॉडकास्ट करायचं ठरवलं. पहिली खेप वाया गेली. घरी येऊन ऐकतो तर नुसता वारा, माझं एक वाक्य धड नाही. दुसऱ्या वेळी माइकला लोकरीचा मोजा चढवला आणि आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बोललो. शाळेत शिक्षा झाल्यासारखा!

बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा तो मोठा प्राकृत लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठला यज्ञ केला, दक्षिणा काय दिली, याची यादी. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. आकडे अक्षरांत नाहीत, अंकचिन्हांनी कोरलेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये ते मोजले जातात. ही यादी आम्ही हिशेबनीसाच्या सुरात वाचली. मागे संगीत नाही, काही नाही. आमच्यातल्या एकाला बासरी हवी होती, त्यावरून वादही झाला.

खरी पंचाईत रांजणाची. त्यात जकातीची नाणी टाकत, असं ज्याला विचाराल तो सांगतो. लेखात मात्र जकातीचं नाव नाही. मग गोष्ट गाळायची का? मला ते पटेना. शेवटी दोन आवाज ठेवले. दगडात कोरलेलं ते माझ्या आवाजात, ऐकीव ते घाटावरच्या गावातल्या एका आजोबांच्या आवाजात. ऐकणाऱ्याला कुठंही ‘ही दंतकथा आहे बरं का’ असं बजावावं लागत नाही, आवाज बदलला की कळतं. आजोबांच्या खोकल्यालाही आम्ही कात्री लावली नाही.

एक सांगायचं राहिलं. घाटात मोबाइलला रेंजचा भरवसा नाही. भाग घरूनच उतरवून घ्या, आणि तिथं पोचल्यावर एकच इअरफोन कानात घाला. दुसरा कान मोकळा असू द्या. वारा आमच्या मोज्यात अडकला, तुमच्यासाठी तो तिथंच आहे.