देवाला जोखायचं कुणाच्या काट्यावर?

अमळनेरात उभं राहून देवाविषयी बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. एकीकडे बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी, दुसरीकडे १९१६ साली प्रताप शेठजींच्या पुढाकाराने उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर. चुकलो तर भक्त रागावतील आणि तत्त्वज्ञ हसतील. संयोजकांनी विषयाची चिठ्ठी दिली तीही अशी: ‘देवाला माणसाच्या नीतीने जोखता येईल का?’ ‘जोखणे’ हा शब्द मला आवडला. कापसाच्या मुलुखात तो शब्द पुस्तकातला राहत नाही.

आधी घरातली गोष्ट सांगतो. मी कॉलेजात होतो. धाकटा भाऊ सतरा वर्षांचा. शेतातल्या विजेची लाईन रात्रीची होती, म्हणून केळीला पाणी द्यायला रात्री गेला आणि साप चावून गेला. श्रावणात आमच्याकडे खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसवतात, ती त्या वर्षी घरात बसली नाही. पुढच्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवायचं ठरलं. रोटासाठी आमच्याकडे घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात. माय मोजायला बसली. वडिलांची मूठ झाली, माझी झाली. सवयीने हात पुन्हा डब्यात गेला, मूठ भरून वर आला आणि सुपावर तसाच थांबला. कोपऱ्यात चौरंगावर नथ-हार घातलेलं कानबाईचं नारळ होतं. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, “मी तुन्हं काय वाकडं करं व्हतं वं माय?” आवाज चढवला नाही. शेजारणीशी बोलावं तसं बोलली. मग रोट केले, रात्रभर गाणी म्हटली, सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर गेली.

तेव्हा मी तत्त्वज्ञानाची दोन-चार पुस्तकं वाचून शहाणा झालो होतो. मला वाटलं, ही केवढी विसंगती! जिच्यावर आरोप केला तिचीच पूजा? त्यात विसंगती नाही हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

‘देवाला आपलं माप लावू नये’ असं म्हणणारी माणसं सज्जन असतात. पण ती देवाला दयाळू म्हणतात, न्यायी म्हणतात, माउली म्हणतात. हे शब्द आले कुठून? दया आपण माणसांत पाहिली, माउली घरात पाहिली. पाऊस वेळेवर आला की ‘देवाची कृपा’ म्हणताना आपलंच माप चालतं, आणि बोंड फुटायच्या वेळी गारपीट झाली की ‘त्याची लीला आपल्याला काय कळणार’! गावात कापूस घ्यायला येणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचे घ्यायचे आणि द्यायचे काटे वेगळे असले, तर आपण त्याला काय म्हणतो ते या सभागृहात सांगायला नको. काटा लावायचा नसेल तर स्तुतीलाही लावू नका. मग देव चांगला की वाईट, काहीच बोलता येणार नाही. तसं गप्प राहणारे लोक असतात, त्यांना माझा नमस्कार. बाकी आपण सगळे जोखतोच.

यावर एक उत्तर नेहमी येतं. आई बाळाला सुई टोचायला नेते, बाळ रडतं, त्याला काय कळतं? पण टोचताना आई बाळाला मांडीवर घट्ट धरून बसलेली असते. सुईमागचं कारण कळत नसलं तरी ती मांडी बाळाला कळते. आणि मुख्य म्हणजे, हा दाखला देणाऱ्यानेही देवाला आईच्याच मापाने मोजलेलं असतं.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी हा प्रश्न टाळला नाही, हे मला अभिमानाने सांगायचं आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावर दोन आरोप सरळ नोंदवलेत: वैषम्य आणि नैर्घृण्य. म्हणजे भेदभाव आणि निर्दयपणा. एकाला सुखात लोळवतोस, दुसऱ्याला दुःखात घालतोस, वर सगळ्यांचा संहार करतोस. शंकराचार्य उत्तर देतात ते पावसाचं. पाऊस सगळ्यांना सारखाच. भात उगवतं की जव, ते बियाण्यावर. तसं देवाचं देणं सारखं, फळ ज्याच्या त्याच्या कर्माचं.

उत्तर देखणं आहे. पण खान्देशात पावसाचा दाखला दिला की शेतकरी मान हलवेल का? त्याला विचारा, तो सांगेल की शिवारात या बांधाला पडतो आणि त्या बांधाला पडत नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत बागायत उभी असते आणि त्याच जूनमध्ये साक्रीकडे कुणी दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणतो. बियाणं एकाच दुकानातलं असतं! बरं, जमीन-पाऊस हाही कर्माचाच भाग धरा. मग देव सुटला, पण त्याच्या जागी आरोपीच्या पिंजऱ्यात कोण आलं? माझा सतरा वर्षांचा भाऊ. त्याने मागच्या कुठल्या तरी जन्मी काहीतरी केलं असणार. काय केलं? माहीत नाही. साक्षीदार? नाही. आमच्या घरी सांत्वनाला आलेल्या एका गृहस्थांनी हे बोलून दाखवलं होतं. मायने त्यांना चहा दिला, पण नंतर त्या घरी ती कधी गेली नाही.

१५ जानेवारी १९३४ला बिहारात भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल रवींद्रनाथांचं दुमत नव्हतं, तरी त्यांनी जाहीर विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, निसर्गाच्या उत्पाताला नीतीशी जोडलंत तर माणूस विधात्यापेक्षा नीतीने वरचढ आहे असं कबूल करावं लागेल. कारण चांगलं वागण्याचा धडा इतक्या वाईट वागण्यातून कुणी सभ्य माणूस देणार नाही. हे वाचलं तेव्हा मला ते चहावाले गृहस्थ आठवले.

आता महाभारतातली माझी आवडती कथा. मांडव्य ऋषी मौनव्रतात आश्रमाच्या दाराशी उभे. चोर येऊन आश्रमात माल लपवतात. राजाचे शिपाई विचारतात, ऋषी बोलत नाहीत. चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवतात. ते मरत नाहीत. राजाला चूक कळते, तो पाय धरतो, पण सूळ निघेना. शेवटी कापावा लागतो, टोक अंगातच राहतं. ते टोक घेऊन मांडव्य कुठे जातात? तर थेट धर्मराजाच्या दरबारी. विचारतात, माझा गुन्हा काय? धर्म सांगतो, लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य म्हणतात, एवढ्याशा गुन्ह्याला एवढी शिक्षा? आणि निकाल देतात: चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाही, हा नियम आजपासून. धर्माला शाप देतात, तू शूद्र योनीत जन्म घेशील. तोच विदुर.

बघा, न्यायाची देवता चुकली, आणि ती चूक दाखवली तिच्याच सुळाचं टोक अंगात वागवणाऱ्या माणसाने. धर्मराजाने निकाल मानला. माणसाच्या तक्रारीने देवाच्या दरबारातला कायदा बदलला. पण त्या शापाकडेही बघा. शूद्राच्या पोटी जन्म ही शिक्षा! म्हणजे मांडव्यांचाही काटा साफ नव्हता, त्यावर त्यांच्या काळाची धूळ होती. आपल्या काट्यावरही असेल. यावरून ‘देवाला जोखू नका’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. काटा खोटा निघाला तर दुरुस्त करतात, बाजार बंद करत नाहीत. आणि रात्रीची लाईन काही देव देत नाही. देवाच्या नावावर आपण माणसांची किती कटती, म्हणजे वजनातली काटछाट, खपवतो, तेही जोखायला बसल्याशिवाय दिसत नाही.

गांधारीने कृष्णाला हेच सुनावलं: तू थांबवू शकत होतास, थांबवलं नाहीस. कृष्णाने तिचा शाप हसून घेतला. जनाबाई तर अंगणात उभी राहून विठ्ठलाला शिव्या देते, आणि आपण तो अभंग भक्तीत धरतो, निंदेत नाही. इथून जवळच, आसोद्याच्या बहिणाबाईंनी वैधव्यानंतर देवाच्याच घरच्या आटलेल्या धनाचा हिशेब मांडला. ज्याच्याकडून न्यायाची अपेक्षाच नाही, त्याच्या दारात कुणी भांडायला जात नाही. माझी माय रोट करत होती आणि जाबही विचारत होती, ते एकच काम होतं.

मागे एका गावात हेच बोललो तेव्हा एकाने विचारलं, मग कानबाईने उत्तर काय दिलं? मी घरी जाऊन मायला विचारलं. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती, शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “ती काय बोलई? मान खाले घालीसन बठेल व्हती.”

नारळाला मान नसते, हे मी तिला सांगितलं नाही.